नव्या गाडीचे पुढचे चाक का थरथरते? बैलगाडीच्या धावेपासून जॉब कार्डापर्यंत

१/
यंदा हळदीचे पैसे हातात आले आणि काकांनी नवी मोटारसायकल घेतली. निम्मी रक्कम रोख, उरलेली हप्त्यांवर. पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवून झाले, पेढे वाटून झाले. आठच दिवसांत काकूने मागे बसायला नकार दिला. हिंगोलीहून नांदेडच्या दिशेने महामार्गाला लागले आणि काटा पंचावन्नच्या पुढे गेला की हँडल थरथरू लागे. सत्तरच्या आसपास ती थरथर थोडी कमी होई. विक्रेत्याकडे दोनदा गाडी नेली. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले : "नवी गाडी आहे, चालवत राहा, बसेल."

२/
मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्राचा नव्हे. तरीही "नवी आहे, म्हणजे दोष नसणारच" हे विधान मला ओळखीचे वाटले. कागद जुना आहे म्हणून तो खराच, असे मानणारा अभ्यासक जी चूक करतो, तीच ही चूक उलट्या बाजूने केलेली. वस्तूचे वय हा पुरावा नसतो. म्हणून हा धागा. चाकाची थरथर माणसाला केव्हापासून जाणवू लागली, ती ओळखण्याची विद्या कोणी घडवली, आणि दोष आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, हे यात पाहू. शेवटी काकांच्या गाडीचे काय झाले तेही सांगेन.

३/
आरंभ बैलगाडीपासून करावा लागतो. लाकडी चाकाची रचना आपल्याकडील थोरल्यांना तोंडपाठ असे : मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पाटे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करी, भट्टीत लाल होईतो तापवी, फुगलेली धाव चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. लोखंड आकसले की सगळे सांधे करकचून आवळले जात. या चाकात आरे दाबाखाली असतात. गाडीचे ओझे खालच्या आऱ्यांवर उभे राहते.

४/
हे चाक तंतोतंत गोल नसे. एखादा पाटा जाड, एखादा आरा जड असे. तरीही "चाक थरथरते" अशी तक्रार बैलगाडीबद्दल ऐकू येत नाही. चाक कुरकुरते, डुगडुगते, धाव निसटते, आस मोडतो; थरथर मात्र नाही. कारण साधे आहे. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. चार मीटर घेराच्या चाकाला एक फेरा पुरा करायला त्या गतीने चार सेकंद लागतात. चाकाच्या एका बाजूला पावशेर वजन जास्त असले, तरी इतक्या संथ फिरण्यात त्याचा धक्का कोणालाच लागत नाही. थरथर हा वेगाबरोबर जन्मलेला रोग आहे.

५/
आता दुसरी बाजू पाहू. त्या चाकाला दोष निघाला तर काय होई? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार आणि लोहार यांना कुणब्याच्या खळ्यावर धान्याचा वाटा मिळे आणि त्याबदल्यात औतफाटे, गाडी यांची देखभाल त्यांच्याकडे असे. या व्यवस्थेत जातीची बंधने आणि कारागिराची पिळवणूक होती, तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. चाक घडवणारा आणि वापरणारा एकाच शिवारात राहत होते. दोष दाखवायला कागद लागत नसे. चाक सुताराच्या अंगणात नेऊन टेकवले की काम झाले.

६/
वेग आला तो सायकलीबरोबर. १८६९ साली पॅरिसमधील युजीन मेयर यांनी तारांच्या आऱ्यांचे चाक घडवले आणि चाकाचे तर्कशास्त्रच उलटे झाले. लाकडी आरा दाब सोसतो, तार दाबाखाली वाकते, ती फक्त ताण सोसते. म्हणजे सायकलच्या चाकात तुंबा आऱ्यांवर उभा नसतो, सर्व बाजूंनी ताणलेल्या तारांच्या जाळ्यात धरलेला असतो. १८७४ साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ले यांनी तारा तिरप्या ओवण्याची पद्धत पेटंट केली. आज आपल्या सायकलींत आणि तारांच्या चाकांच्या मोटारसायकलींत हीच रचना आहे. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि चाकाचे आजचे रूप जवळजवळ पुरे झाले.

७/
ताणावर उभ्या असलेल्या चाकाला एक नवी व्याधी जडली. एक तार सैल झाली की रिम त्या ठिकाणी एका अंगाला सरकते. लाकडी चाकाला सुतार-लोहार लागत होता, या चाकाला वेगळा कारागीर हवा होता. तो सायकलच्या दुकानात तयार झाला. आपल्या गावोगावच्या दुकानांत या कामाला आजही एकच शब्द आहे : 'आऊट काढणे'. चाक चिमट्यात फिरवायचे, रिमशेजारी खडू स्थिर धरायचा, जिथे रिम खडूला घासेल तिथे खूण उमटते. मग त्या जागेच्या एका बाजूच्या तारा आवळायच्या, दुसऱ्या बाजूच्या सैल करायच्या. इंग्रजी शब्द मराठी क्रियापदाला जोडून कारागिरांनी स्वतःची परिभाषा घडवली.

८/
महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात हे सायकलचे दुकान क्षुल्लक नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवत असताना बेळगावला सायकली पाठवीत आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. नांगर, चरक, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सारे त्यानंतरचे. इंग्लंडमध्ये रॉयल एनफिल्डनेही आधी सायकली केल्या आणि १९०१ च्या सुमारास मोटारसायकल. लुधियानात १९५६ साली हीरो सायकल्स उभी राहिली; त्याच कुटुंबाने १९८४ साली होंडाबरोबर मोटारसायकलची कंपनी काढली. मोटारसायकल हे बैलगाडीचे नातवंड नाही, ते सायकलचे अपत्य आहे. तिच्या चाकाची दुखणीही त्याच घराण्यातली आहेत.

९/
आता थोडे गणित, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. सतरा इंची रिमच्या साध्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा घेर सुमारे १.८५ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला ते चाक सेकंदाला नऊ फेरे घेते. समजा टायरच्या एका बाजूला फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ३० ला ते चाकाला साधारण ३६० ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढते. ताशी ६० ला सुमारे १.४ किलोच्या, ताशी ८० ला अडीच किलोच्या. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. हा झटका सेकंदाला नऊ वेळा चिमट्यातून चढून हँडलमध्ये, हँडलमधून मनगटात येतो.

१०/
मग सत्तरला थरथर कमी का होई? कारण हँडल, चिमटा आणि त्यांना धरणारा सांगाडा यांची मिळून एक नैसर्गिक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. लय चुकली की जोर लावूनही तो अडखळतो. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर शिगेला पोहोचते, पुढे गेले की ती मंदावते. म्हणून "ठरावीक वेगालाच थरथरते" हे वाक्य निदानाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असते. दुर्दैवाने विक्रेत्याकडे गाडी दुकानाच्या गल्लीत ताशी तीसने फिरवून पाहतात आणि "काही नाही" असे सांगतात.

११/
थरथरीचे दोन निराळे वंश आहेत आणि त्यांत गल्लत करू नये. पहिला आपण पाहिला : चाकातील दोष प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो. दुसऱ्यात बाहेरून ठेका देणारा कोणी लागत नाही. वाऱ्यात पताका फडफडते, तेव्हा वारा सरळच वाहत असतो; फडफड पताकेच्या आणि वाऱ्याच्या संबंधातून उपजते. तसेच टायर, चिमटा आणि रस्ता यांच्या संबंधातून हँडल स्वतःहून डावी-उजवीकडे झटके घेऊ लागते. हा प्रकार जास्त घातक, कारण एखाद्या खड्ड्याने सुरू झालेला झटका विरून न जाता वाढत जाऊ शकतो.

१२/
या दुसऱ्या प्रकाराचे गणित सुटायला जवळजवळ पाऊण शतक लागले. १८९९ साली केंब्रिजचे फ्रान्सिस व्हिपल यांनी दुचाकीच्या समतोलाची समीकरणे मांडली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये कार्व्हालो यांनीही. पण त्यांचे चाक कडक होते, टायरचे लवचीक वागणे त्यात नव्हते. १९७१ साली रॉबिन शार्प यांनी टायरचा हा गुण धरून मोटारसायकलचे गणित केले आणि हँडलची जलद फडफड व साऱ्या गाडीचे संथ डुलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट झाले. फडफड सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा, डुलणे दोन-तीन वेळा. चालकाला दोन्ही एकच वाटतात : "गाडी हलते."

१३/
आता आपल्या मातीकडे येऊ. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याची काळी माती मात्र दख्खनच्या लाव्ह्याइतकी जुन्या वंशाची. ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर रस्ता बांधला की दर वर्षी खालची जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. म्हणूनच आपल्या भागात थरथरीचे खापर पहिल्याने रस्त्यावर फुटते. काकाही म्हणालेच : "रस्ताच तसला हाय, गाडी काय करल?" पण महामार्गाच्या नव्या, सपाट पट्ट्यावरही थरथर तशीच होती. रस्ता निर्दोष सुटला. एक संशयित कमी झाला.

१४/
निदान म्हणजे हेच : संशयितांची यादी करायची आणि एकेकाला पुराव्याने सोडायचे. पहिला प्रश्न : इंजिन की चाक? सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात क्लच दाबावा आणि थ्रॉटल सोडावा. इंजिन मंदावूनही थरथर कायम राहिली, तर ती चाकाची. इंजिनबरोबर विरली, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा. दुसरा प्रश्न : फक्त ब्रेक लावल्यावर होते का? तसे असेल तर डिस्क वाकडी किंवा ड्रम गोलाईत नाही. एबीएस असलेल्या गाडीत अगदी जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हरला जे ठोके जाणवतात, तो दोष नव्हे, त्या यंत्रणेचे कामच ते आहे.

१५/
तिसरा प्रश्न : वेग कमी होताना, साधारण पन्नास-चाळीसच्या दरम्यान, पकड सैल असताना हँडल डावी-उजवीकडे झटके घेते का? तसे असेल तर संशय कोनसेटवर, म्हणजे हँडलच्या दांड्यातील छर्ऱ्यांच्या कड्यांवर. मागे खताची दोन पोती बांधली की पुढचे चाक हलके होते आणि हा झटका बळावतो, हेही ध्यानात ठेवावे. मात्र तो तपासण्यासाठी चालत्या गाडीचे हात सोडू नयेत. समाजमाध्यमांवर तसे दाखवणाऱ्या चित्रफिती पुष्कळ आहेत. गाडी उभी करून जे कळते, त्यासाठी कवटी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

१६/
इथे मी माझ्या शिक्षणातली एकच गोष्ट वापरली : समकालीन नोंद. घटनेनंतर महिनाभराने सांगितलेल्या आठवणीपेक्षा त्याच दिवशी लिहिलेली ओळ अधिक विश्वसनीय असते. वहीत पाच रकाने पाडले : तारीख, वेग, रस्ता, मागे कोण किंवा किती ओझे, आणि क्लच दाबल्यावर काय झाले. चार दिवस काकांनी सांगायचे आणि मी लिहायचे. चौथ्या दिवशी चित्र स्वच्छ होते. ५५ ते ६५, सपाट रस्त्यावरही, एकटे असतानाही, क्लच दाबूनही. ब्रेकशी संबंध नाही. मामला चाकाचाच.

१७/
आमच्या गावच्या नाक्यावर एक वयोवृद्ध सायकलवाले आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. वही वाचून मी दोषांचे सिद्धांत मांडू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले : "पयले हवा देखो, बेटा. बाकी सब बाद में." सकाळी, गाडी चाललेली नसताना हवा मोजली. कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा ती कितीतरी जास्त भरलेली होती. नव्या गाड्या कारखान्यातून ट्रकवर बांधून दूरवर जातात, त्यांच्या टायरमधली हवा ग्राहकाला देताना नेमकी करायची राहून जाते, हे नवलाचे नाही. हवा पुस्तिकेप्रमाणे केली. थरथर कमी झाली. गेली मात्र नाही.

१८/
मग गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागच्या बाजूला भार देऊन पुढचे चाक अधांतरी केले. चाचांचा क्रम मी जसाच्या तसा देतो.
चाक वर-खाली धरून हलवणे : खडखड आली तर चाकाचे बेअरिंग. आली नाही.
चिमट्याच्या दोन्ही पायांना धरून पुढे-मागे ढकलणे : ढिलेपणा जाणवला तर कोनसेट. नव्हता.
हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवणे : मध्येच अडखळले तर कोनसेटमध्ये खाच. नव्हती.
तारांवर पान्याने हलकेच टकटक : सैल तार मंद बोलते. सगळ्या सारख्या बोलल्या.

१९/
त्यानंतर त्यांनी खडू घेतला. चिमट्याला टेकवून रिमजवळ धरला आणि चाक फिरवले. मेयर आणि स्टार्ले यांच्या चाकाबरोबर जन्मलेली ती पद्धत माझ्या डोळ्यांसमोर, नव्या कोऱ्या गाडीवर चालू होती. रिमला आऊट नव्हता. अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत साधारण दोन मिलिमीटरपर्यंत आऊट चालतो असे असते. इथे खडूची रेघ जवळजवळ अखंड उमटली. मग खडू रिमवरून टायरवर सरकवला. आता चाकाच्या एकाच भागात तो घासला, बाकी भागात नाही. रिम गोल होती, तिच्यावरचा टायर गोल बसलेला नव्हता.

२०/
टायरच्या कडेजवळ, रिमलगत, एक बारीक उंचवट्याची रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. काकांच्या टायरवर वीतभर भागात ती रेघ रिमच्या आत बुडालेली होती. म्हणजे टायरची कड तेवढ्या भागात खाचेत पुरती चढलीच नव्हती. तिथे टायर आत दबलेला, समोरच्या भागात बाहेर आलेला. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका, सेकंदाला नऊ ठोके. मी पान्याकडे पाहिले. चाचांनी हात अडवला. चाक खोलायचे नाही, गाडी वॉरंटीत आहे. खोलले तर उद्या दोष आपल्यावर येईल. फक्त खडूने त्या वीतभर भागाच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या.

२१/
इथे पुन्हा इतिहास मध्ये येतो. सुताराच्या अंगणात चाक टेकवण्याचे दिवस गेल्यावर ग्राहकाच्या वाट्याला काय आले? ब्रिटिश हिंदुस्थानातील १९३० च्या मालविक्री कायद्याच्या मुळाशी "घेणाऱ्याने पारखून घ्यावे" हे तत्त्व होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने कोणी किती माल काढायचा हे परवान्यावर ठरू लागले. पुण्यात बजाज चेतक १९७२ पासून तयार होऊ लागली. तिच्यासाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याला गाडी मिळणे हेच भाग्य वाटते, तो दोष कशाला काढील? "नवी आहे, बसेल" या वाक्याचा सूर मला त्या रांगेच्या काळातला वाटतो.

२२/
चित्र दोन अंगांनी बदलले. १९८४-८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांशी भागीदारीतून हीरो होंडा, यामाहा आरएक्स १०० अशा गाड्या आल्या, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि रांग आखडत गेली. दुसरे अंग चळवळीचे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. महाराष्ट्रात ग्राहक संघटित होऊ लागला. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रार ऐकणारे मंच आले. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

२३/
या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. म्हणजे "दोष आहे" हे शेवटी शास्त्रानेच ठरायचे. पण तिथवर पोहोचायला आधी कागद लागतो. काकांचे पहिले दोन्ही जॉब कार्ड काढून पाहिले. दोन्हींवर एकच शेरा : "जनरल चेकअप." थरथरीचा उल्लेखच नाही. उद्या कोणी हे दोन कागद वाचले, तर ही गाडी दोनदा नुसती पुसायला आली होती असेच म्हणेल. जे नोंदले गेले नाही, ते घडले नाही असे धरले जाते. हे मी मराठवाड्याच्या इतिहासात अनेकदा पाहिले होते. घरच्या गाडीत प्रथमच पाहिले.

२४/
तिसऱ्या वेळी काकांबरोबर मी गेलो. भांडण केले नाही. वहीतले पान समोर ठेवले आणि जॉब कार्डवर आमच्याच शब्दांत लिहून घेतले : "ताशी ५५ ते ६५ ला पुढचे चाक थरथरते, टायरची कड वीतभर भागात बसलेली नाही, खडूने खूण केली आहे." लिहिणाऱ्याने एकदा वर पाहिले, आत जाऊन खुणा पाहिल्या आणि काही न बोलता चाक उतरवायला सांगितले. हवा सोडली, कडेला साबणाचे पाणी लावले, पुन्हा हवा भरून कड खाचेत बसवली, मग हवा नेमकी केली. चाक बसवताना एक्सेल आवळण्याआधी शॉकअप दोन-चार वेळा दाबून सरळ केले. सारे मिळून पाऊण तास.

२५/
प्रत्येक थरथर इतकी स्वस्तात सुटत नाही. कड नीट असेल, आऊट नसेल, तरीही थरथर असेल, तर चाक ब्रेकपासून मोकळे करून सावकाश फिरवून सोडावे. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर तिथे वजन जास्त आहे, आणि समोरच्या बाजूला शिशाचे छोटे वजन लावून ते तोलता येते. दीर्घकाळ एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर खालच्या बाजूला चपटा झालेला असू शकतो. बहुधा काही किलोमीटरांत तो सावरतो. "बसेल" हे उत्तर फक्त या एका बाबतीत खरे ठरू शकते. बाकी सर्व बाबतींत थरथर बसत नाही. वाढते.

२६/
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू मागे बसली. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे राहिले होते, ते दोघे जाऊन आले. परत आल्यावर तिने गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, पेढे मात्र चाचांच्या दुकानात पोहोचवायला सांगितले. चाचांनी एक पेढा घेतला, बाकी नाक्यावरच्या पोरांना वाटला आणि पुन्हा एका शाळकरी सायकलचा आऊट काढायला बसले.

२७/
सुताराला चाक दाखवायला शब्दही पुरत नव्हते की कागद लागत नव्हता. आज चाक घडवणारा शेकडो कोस दूर आहे आणि त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही. पोहोचते ती नोंद. म्हणून जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आपली तक्रार आपल्या शब्दांत, वेगाच्या आकड्यासह लिहून घ्या. प्रत मागून घ्या, सांभाळून ठेवा. आपल्या घरातील बैलगाडी, सायकल, पहिली मोटारसायकल यांच्या आठवणी आणि विशेषतः कारागिरांचे शब्द खाली अवश्य लिहा. 'आऊट', 'कोनसेट' यांसारखे शब्द कोशांत येण्याआधीच दुकाने बंद होत आहेत. धागा इथे संपला.